न सोडलेली मोळी

पृथ्वी वाचवण्याची सुरुवात स्वयंपाकघरातून होते. हे वाक्य माझंच, मूल शहराजवळच्या एका गावाला धूरमुक्त जाहीर करण्याच्या समारंभासाठी लिहिलेलं. वाळलेल्या लाकडाचा वास आला की ते अजून आठवतं. भाषण संपल्यावर पाहुणे फोटोसाठी एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात शिरले. नव्या गॅस शेगडीला झेंडूचा हार घातला होता. शेजारी, थंड चुलीपाशी, सरपणाची एक मोळी उभी होती, दोर न सोडलेली. धूरमुक्त घरात ती शोभेना, म्हणून मी ती हलवायला वाकलो. "तिले हात नोका लावू, भाऊ," बाई म्हणाल्या, "सुनेनं बांधली हाये." मी हसून म्हणालो, "मग सूनबाईंनाही बोलवा ना फोटोत." "आता कुठून येते ती? काड्या आणाले गेली, वाघानं धरलं तिले. लोकायनं तिच्यासंग मोळीबी घरी आणली." मोळीपुढे बॅनर धरून फोटो काढला गेला. वर्षभरानं मी पुन्हा त्या घरी गेलो. सिलिंडर रिकामा होता, मोळी तशीच उभी होती, आणि बाई घरी नव्हत्या. शेजारीण म्हणाली, "बुढी जंगलात गेली, काड्या आणाले."