रुखवतातला एकविसावा नग

कर्जत तालुक्यातल्या एका वस्तीवर, जिराईत ज्वारीच्या रानाला लागून, विजयमालाबाईंचे तीन खोल्यांचे घर आहे. बाहेरच्या खोलीत भिंतीवर एकच तसबीर आहे आणि ती त्यांना मनापासून नकोशी आहे. तसबिरीत त्यांची मुलगी ज्ञानेश्वरी आहे. निदान असायला हवी होती. चार वर्षांपूर्वी, लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेले असताना, डेंग्यूच्या तापाने ती पाच दिवसांत गेली. दहाव्याच्या घाईत तिच्या कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो स्टुडिओत दिला गेला. स्टुडिओवाल्याने चेहरा मोठा केला, रंग उजळवला आणि मानेखाली कुणा परक्या बाईचे निळ्या जरीच्या साडीतले खांदे जोडून दिले. निळी साडी ज्ञानेश्वरीने उभ्या आयुष्यात नेसली नव्हती. त्या ताठ खांद्यांवर तिचा चेहरा चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलेल्या माणसासारखा अवघडून बसला होता.

विजयमालाबाई रोज त्या तसबिरीला हार घालत, उदबत्ती लावत आणि तिच्याकडे न पाहता आत जात.

घरात मुलीच्या हातची एकही वस्तू नव्हती, आणि तो दोष सर्वस्वी त्यांचाच होता.

लग्नमांडवात मांडायचे रुखवत अलीकडे बाजारात तयार मिळते, भाड्यानेसुद्धा मिळते. विजयमालाबाईंना ते मान्य नव्हते. वधूच्या हातचे असेल तेच रुखवत, त्याची संख्या विषमच हवी आणि ती एकवीसच हवी, असा त्यांचा दंडक होता. ज्ञानेश्वरीने तीन वर्षे खपून मण्यांची तोरणे, लोकरीचे ससे, काचेच्या नळ्यांचा मोर, भरतकामाचे रुमाल असे सारे केले. हळदीच्या आदल्या दिवशी दुपारी आईने सगळे नग सतरंजीवर मांडून मोजले. ते वीस भरले.

"त्या फळीवर वर्तमानपत्रात बांधलेलं काय हाय?" त्यांनी विचारले.

"ते न्हाई द्यायचं. ते तुझ्या भिंतीला केलंय," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"माझ्या भिंतीला कशाला गं?"

"तुला करमंना झालं म्हंजी बघायला."

त्यांनी कागद सोडला. मॅटीच्या कापडावर फुलीच्या टाक्यात भरलेले, दोन हात रुंद असे चित्र होते, काचेच्या चौकटीत बसवून आणलेले. हुरड्यात आलेली ज्वारी, मधोमध लाकडी माळा आणि माळ्यावर पदर खोचून गोफण फिरवणारी एक बाई. फुलीच्या टाक्यांत नाकडोळे उमटत नाहीत. पण एक खांदा उचलून उभे राहण्याची ती ढब कुणाची आहे, हे विचारावे लागले नाही.

"माझा ह्यो अवतार भरलास व्हय? नीट पदर तरी घ्यायचा होता डोक्यावर!"

"पदर घेऊन कुणी गोफण मारतं का, आई?"

दोघी हसल्या. मग आईने चित्र उचलून वीस नगांच्या शेजारी ठेवले.

"आई, न्हाई म्हणलं ना. रुखवतात राघू-मैना मांडत्यात. गोफण कोण मांडतं?"

"खाली दोघांची नावं घाल, म्हंजी झालं रुखवत. वीस मांडले तर तुझी सासू बोटावर मोजंल आन् जन्मभर ऐकवंल."

ज्ञानेश्वरीने पुष्कळ आढेवेढे घेतले. शेवटी चौकट उघडून, ज्वारीच्या बुडख्यांपाशी लाल दोऱ्याने तिने 'रविराज – ज्ञानेश्वरी' अशी अक्षरे भरली. लग्नाच्या दिवशी मांडवात विहीण रंगुबाई खरोखरच टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट नाचवीत गेल्या आणि म्हणाल्या, "एकवीस. बराबर हाय." विजयमालाबाईंना त्या क्षणी कृतकृत्य वाटले होते. त्या कृतकृत्यतेची आठवण झाली की आता त्यांना अन्न गोड लागत नसे.

मुलगी गेली. दोन वर्षांनी जावयाने, रविराजने, दुसरे लग्न केले. तरण्या माणसाने करू नये असे कुणीच म्हणत नव्हते. पहिलीच्या वस्तू त्या घरात राहिल्या नसतील असे विजयमालाबाई धरूनच चालल्या होत्या. परंतु यंदा माघात त्यांचे धाकटे दीर अजिनाथ लग्नाची पत्रिका द्यायला राहात्याला व्याह्यांकडे गेले आणि परत येऊन चहा पिता पिता सहज बोलून गेले, "वहिनी, आपल्या पोरीची गोफणवाली अजून हाय बैठकीत. बसल्या बसल्या समोरच दिसती."

त्या दिवसापासून विजयमालाबाईंच्या मनाने एकच ध्यास घेतला. ते चित्र आणायचे, ती निळ्या साडीची तसबीर उतरवायची आणि तिथे ते लावायचे. त्यांनी नवऱ्यापाशी, गहिनीनाथांपाशी, गोष्ट काढली. गहिनीनाथ मितभाषी गृहस्थ. पान जुळवता जुळवता त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"रुखवत माघारी कवा मागत्यात?" त्यांनी विचारले.

उत्तरही पानाला चुना लावत त्यांनीच दिले.

"काडीमोड झाल्यावर मागत्यात. आपली पोरगी काडीमोड घिऊन आली न्हाई. नांदती गेली. तू जाऊन मागशील, तर तिचं नांदणं खोटं पडंल."

"एकच मागते. बाकीचे वीस राहू द्या त्यांना."

"एक काय आन् एकवीस काय," असे म्हणून ते उठून गेले. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच पुढे बोलायला जागा उरली नाही.

फाल्गुनात वस्तीवरच्या बायकांनी शिर्डीसाठी जीप ठरवली. विजयमालाबाईंनी नाव दिले. शिर्डीत उतरल्यावर, "माझे पाय भरून आलेत, मी रांगेत उभी राहत न्हाई, पाचला जीपपाशी येते," असे सांगून त्यांनी राहात्याची रिक्षा धरली. नवऱ्याला न सांगता केलेला हा त्यांचा पहिलाच प्रवास.

व्याह्यांचे घर गुलाबाच्या मळ्यातच होते. रंगुबाई दारात आल्या, क्षणभर गोंधळल्या आणि मग रीतीला उणे पडू न देता त्यांनी हाताला धरून आत नेले. "पूजा, पाणी आण गं! बघ कोण आलंय. पाया पड, तुझीबी आईच हाय ती."

पूजा आली. सातवा महिना असावा. तिला वाकता येईना. विजयमालाबाईंनीच तिला वरच्यावर धरले आणि तोंडभर आशीर्वाद दिला. तो अगदी मनापासून दिला गेला, याचे त्यांनाच नवल वाटले. मग त्या बसल्या आणि समोर पाहिले.

माळा होता, ज्वारी होती, गोफण होती. खाली लाल अक्षरांत 'रविराज – पूजा' असे होते.

चार अक्षरांच्या जागी दोनच आल्याने उजवीकडे मोकळी जागा उरली होती. तिथले कापड दोऱ्याखाली झाकून राहिल्यामुळे अजून पांढरेशुभ्र होते. बाकीचे कापड पिवळसर पडले होते, आणि त्या पांढऱ्या खुणांत पुसलेले नाव डोळे बारीक केले तर वाचता येत होते.

पूजाने त्यांची नजर ओळखली. तिचा चेहरा उतरला. "मावशी, रागावू नका. मला भरतकाम येत न्हाई, मोबाईलवर बघून बघून केलं. आमची आई म्हणाली, बैठकीत पहिलीचं नाव नको. ती तर अख्खं चित्रच काढा म्हणत होती. मी काढू दिलं न्हाई. मला ही बाई लई आवडती. आत्याबाई जेवायला हाक मारताना दिसत्यात तशीच दिसती न्हाई?"

"तुज्या आत्याबाई गोफण मारत्यात व्हय गं?" रंगुबाई म्हणाल्या, आणि पूजा तोंडावर पदर घेऊन हसली.

विजयमालाबाईंनी चहाची बशी खाली ठेवली. चार दिवस घोकलेली वाक्ये ऐनवेळी एकही आठवेना. "विहीणबाई," त्या म्हणाल्या, "मला हे चित्र द्या. बाकी काही नको. माझ्या भिंतीला लावते."

रंगुबाईंनी पूजाला पाणी ठेवायच्या निमित्ताने आत पाठवले आणि आवाज खाली आणला.

"न्हाई म्हणायला माझी जीभ रेटत न्हाई. मागच्या साली आला असता, तर कागदात बांधून दिलं असतं. पन आता नाव तिचं हाय त्यावर. तुमी न्हेणार, कुठं लावणार? ज्ञानूच्या फोटोशेजारी, न्हाईतर फोटोच्या जागी. भरल्या पोटाच्या पोरीचं नाव गेलेल्या मानसाच्या जागी टांगायचं? तुमीच सांगा."

"नाव उसवून न्हेते."

"जित्या पोरीचं नाव उसवायचं? ह्या दिवसांत?"

जे रंगुबाई मानीत होत्या तेच विजयमालाबाईही मानीत होत्या. आपली मुलगी या घरात गरोदर असती आणि तिचे नाव असे कुणी उसवायला घेतले असते, तर आपण त्या बाईला उंबऱ्याच्या आत घेतले नसते, हे त्यांना स्वच्छ दिसले. वाद घालायला समोर कुणी परके असते तर बरे झाले असते.

त्या उठून चित्राजवळ गेल्या. जवळून पाहिल्यावर दुसरीच गोष्ट ध्यानात आली. ज्वारीची ताटे बुडख्यापासून सैल पडली होती. काही हिरवे दोरे निसटून काचेच्या तळाशी गोळा झाले होते, आणि उसवण माळ्याच्या खांबापर्यंत चढली होती.

"खाली घेता का जरा?" त्यांनी विचारले.

रंगुबाईंनी हात उंचावून चित्र उतरवले. चौकटीच्या मागचा पुठ्ठा चिकटपट्टीने लावलेला होता, तो काढला. कापडाची पाठ समोर आली आणि सगळा उलगडा झाला. भरतकामाच्या पाठीला गाठ मारायची नाही, गाठीने काचेखाली उंचवटा येतो. दोऱ्याचे टोक शेजारच्या टाक्यांखाली दडवायचे, ही विजयमालाबाईंचीच शिकवण. ज्ञानेश्वरीने आपल्या नावाची टोके ज्वारीच्या बुडख्यांखाली दडवली होती. पूजाने लाल दोरा कापून ओढला, तेव्हा त्याबरोबर बुडख्यांचे हिरवे दोरेही तुटले. गाठ कुठेच नव्हती. सुटायला लागलेले थांबणार कशाने? वर्षभरात उसवण त्या बाईच्या पावलांना भिडली असती.

"पोरी, सुईदोऱ्याचा डबा आण," त्या म्हणाल्या.

पूजाने डबा आणला आणि जवळ बसली. विजयमालाबाईंनी चष्मा लावला. हिरवी टोके दडवायला खाली पक्के टाके हवे होते, आणि खाली होते ते पूजाचे नाव. तेच डळमळीत होते. एका ठिकाणी फुलीचा एक पाय घातलाच नव्हता. ते आधी घट्ट केल्याशिवाय वरचे काही टिकणार नव्हते. त्यांनी लाल दोरा ओवला. 'पू'चा उकार सरळ केला, 'जा'चा काना दुहेरी भरला, एकेक टाका ओढून बसवला. मग हिरवे दोरे एकामागून एक त्या नावाखाली सरकवले आणि आवळले.

"मावशी, माझ्यापेक्षा छान झालं," पूजा म्हणाली. "मला शिकवाल?"

"शिकवीन की."

"ही बाई कोण असंल हो? त्यांनी कुणाला बघून काढली असंल?"

विजयमालाबाईंनी दातांनी दोरा तोडला. "असंल कुणीतरी. आमच्याकडं सगळ्याच बाया गोफण मारत्यात."

पुठ्ठा लावून झाला. साडेचार वाजत आले होते. "राहू द्या आता, रविराज मार्केटला गेलाय, सांजच्याला लावंल," रंगुबाई म्हणाल्या. पण चित्र सतरंजीवर पालथे टाकून जाणे विजयमालाबाईंना शक्य नव्हते. खालून दोरी खिळ्यात बसेना आणि पूजाला चढू देण्यासारखे नव्हते, म्हणून त्यांनी स्वतःच स्टूल ओढले, पदर खोचला आणि त्या वर चढल्या. दोरी खिळ्यात अडकवली.

"डावीकडं जरा खाली, मावशी," पूजा खालून म्हणाली. "अजून थोडं. हां, बास."

त्यांनी काच पदराने पुसली आणि भिंतीला हात टेकवीत त्या हळूहळू खाली उतरल्या.