डॉक्टरांनी ठरवले नाही, आम्हाला ठरवू दिले

डॉ. लीलाताई वैरागडे यांच्या धंतोलीतल्या दवाखान्यात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सतरा वर्षांचा होतो. नऊ वर्षांच्या माझ्या धाकट्या भावाचे, दिलीपचे, मनगट मी घट्ट धरून ठेवले होते. सोडले असते तर तो रस्त्यावर गेला असता. बाईंच्या एकसष्टीच्या या ग्रंथात मोठे डॉक्टर आणि प्राध्यापक लिहीत आहेत. आठवीत शाळा सुटलेल्याने त्यांच्या पंक्तीत बसावे की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. संपादकांचा दोनदा निरोप आला, म्हणून लिहीत आहे.

माझी शाळा दिलीपमुळेच सुटली होती. तो वर्गातून मध्येच उठून जाई आणि रस्ता न पाहता धावे. त्याला शाळेत नेणे, खिडकीशी थांबणे आणि परत आणणे हे माझे काम झाले होते. वडील संत्र्यांच्या लाकडी पेट्या ठोकत, आई घरचे सांभाळून शिवणकाम करी, त्यामुळे दुसरे कोणी नव्हते. शेवटी हेडमास्तरांनी चिठ्ठी पाठवली की मुलगा सुधारला नाही तर सत्र संपताच नाव काढू.

बाईंनी त्याला तीन वेळा बोलावून तपासले. "हा खोडकर नाही. याचं लक्ष टिकत नाही, आणि ते त्याच्या हातात नाही," असे त्यांनी सांगितले. यावर गोळी आहे, तिने तो वर्गात बसू शकेल, पण भूक आणि झोप कमी होऊ शकते, वजन पाहत राहावे लागेल, हेही सांगितले. मग त्यांनी पेन खाली ठेवले.

"तुम्हीच सांगा ना डॉक्टरीण बाई," वडील म्हणाले. "देऊ का नको?"

"मी सांगीन, तुम्ही द्याल. मग याची भूक मेली की मनातल्या मनात मला शिव्या द्याल. घरी बोला. दिलीपलाही विचारा. आणि जो जे म्हणेल ते या मोठ्या भावाने वहीत लिहून आणायचं."

ही त्यांची पद्धतच होती. बाईंना माझे अक्षर तेव्हा ठाऊकही नव्हते.

घरी आठवडाभर वाद चालला. आई म्हणाली, "पोरगा ट्रकखाली आल्यावर देसान का गोळी?" वडील माझ्याकडे वळून म्हणाले, "गोळीनं बसलेला पोरगा आपला दिलीप राहीन का गा?" दिलीपने एवढेच विचारले, "गोड हाये का?" मी तिघांचेही लिहिले. माझे काय मत, ते लिहायचे राहून गेले. बाईंनी वही वाचून प्रथम तेच विचारले. मला तो शाळेत बसायला हवा होता, पण त्याच्यासाठी की माझ्या सुटकेसाठी, हे मला कळत नव्हते. मी तसेच सांगितले. "हेसुद्धा लिही," बाई म्हणाल्या.

पंधरा दिवस देऊन पाहायचे ठरले. आठव्या दिवशी उरलेल्या गोळ्या दाखवायच्या होत्या. त्या दोन कमी भरल्या. मी रोजची नोंद ठेवली होती, तरी माझे कान तापले. वही तीनदा तपासली.

"वहीत चूक नाही," बाई म्हणाल्या. "गोळ्या कोणी घेतल्या?"

वडील चपलेकडे पाहत म्हणाले, "मी खाऊन पाह्यल्या. त्याले आतून काय होते, ते त्याले सांगता येत नाही. म्हणून."

"अन् मले काहून नाही सांगितलं?" आई म्हणाली.

"तू खाऊ देल्ली असती का वं?"

"मग काय झालं?" बाईंनी विचारले.

"छाती धडधडली थोडी. भूक नाही लागली. चहाले बी नाही उठलो, पेट्या ठोकतच राहिलो."

"अठरा वर्षांत पयल्यांदा ह्यायचं कामात लक्ष लागलं," आई म्हणाली, "ते बी पोराची गोळी खाऊन."

बाहेर बाकावर बसलेले हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी वडिलांची नाडी पाहिली, रक्तदाब मोजला, आणि दुसऱ्याचे औषध घेण्यावरून त्यांना चांगले फैलावर घेतले. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "आता तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. सांगा."

वडील म्हणाले, "शाळेच्या दिवशी देऊ. ऐतवारी मले माझा पोरगा जसा हाये तसा पाहिजे."

बाईंनी ते वाक्य तपासणीच्या कागदावर जसेच्या तसे उतरवून घेतले, आणि औषध त्याप्रमाणे लिहिले.

दिलीपचे नाव शाळेत राहिले. तो दुपारी जेवेनासा झाला, म्हणून आई संध्याकाळी भाकरी जास्त करू लागली. तो एकटा शाळेत जाऊ लागल्यावर बाईंनी मला विचारले, "तुझ्या सकाळच्या वेळेचं आता काय?" आणि दवाखान्यात तपासणीचे कागद लिहिण्याचे काम दिले. तेव्हापासून मी पाहतो आहे की जी घरे गोळीला नाही म्हणतात, त्यांनाही बाई तितकाच वेळ देतात. काही लोक "डॉक्टर असून ठरवत नाहीत" म्हणून रागाने दुसरीकडे गेले. त्यातली एक आई रडत गेली. बाईंनी सरळ सांगून टाकायला हवे होते, असे मला त्या दिवशी वाटले आणि मी धीर करून तसे बोललोही. "जिभेवर येतं रे," त्या म्हणाल्या. "गिळते." त्या आईच्या घरी दुसऱ्या दिवशी त्या स्वतः जाऊन आल्या, हे मला नंतर कळले.

या जूनमध्ये दिलीप एकटाच बाईंना भेटायला आला. तो आता चौदा वर्षांचा आहे. गोळीशिवाय राहून पाहतो, म्हणाला. बाईंनी सगळे ऐकून घेतले. "मला भीती वाटते," त्यांनी त्याला मोकळेपणाने सांगितले, "पण ठरवायची पाळी आता तुझी आहे." त्याने गोळी थांबवली आहे. काही दिवस बरे जातात, काही जात नाहीत. त्याने बरोबर ठरवले की चुकला, हे कळायला अजून पुष्कळ वर्षे जावी लागतील. ती सर्व वर्षे बाईंना ठणठणीत प्रकृतीत लाभोत, आणि उत्तर कळेल त्या दिवशी ते ऐकायला त्या आपल्या खुर्चीत असोत.