मामाने आणलेली चिलापी

मला माशाची किळस कधीच नव्हती. आमच्या घरात मासा म्हणजे चैन. कल्ले ओढायचे, पोट फाडायचं, अंगावर खवले उडाले तरी तसंच जेवायला बसायचं. आता मात्र नुसता वास आला तरी मी रस्ता बदलते.

लेक बाळंतपणाला आमच्याकडे नाशकात आली होती. माझा धाकटा भाऊ दर सुट्टीला तिच्यासाठी नदीतली चिलापी आणायचा. "भाचीला दूध उतरलं पाहिजे," म्हणायचा. माझ्या मोरीत घाण नको म्हणून काठावरच साफ करून, तुकडे पाडून आणायचा. मी आलं-लसूण लावून कमी तिखटाचा पातळ रस्सा करायची, लेक वाटी तोंडाला लावून प्यायची. मामा असावा तर असा, हे शेजारणींनाही सांगून झालं होतं.

त्या दिवशी स्वारी घाईत होती. मनमाडला लग्नाला जायचं होतं. "ताई, आज तूच साफ कर," म्हणत त्याने अख्खे मासे मोरीत ओतले आणि चहा प्यायला बसला.

पहिलाच उचलला, तर त्याचा कणा वाकडा. दुसऱ्याचा एक डोळा बाहेर लोंबलेला. कल्ला उघडला, तो लालभडक असायला हवा, तर आत मातकट चिकट थर, शेंबडासारखा. शी! बोटाबरोबर तार आली. पोट फाडलं, तर काळीज करडं पडलेलं आणि त्यावर साबुदाण्याएवढ्या गाठी. एवढी वर्षं मासे कापले, असलं सडकं काही बघितलं नव्हतं.

"हे काय रे मेल्या? पकडलेस तरी कुठे?"

"पकडायला लागतच नाय," तो बशीत चहा ओतत हसला. "गळ नको, जाळं नको. आमच्या कंपनीचा नाला नदीला मिळतो ना, तिथं आ वासून वरच पडलेले असतात. हातानं उचलायचे. नेहमी तिथूनच आणतो."

भाऊ प्लेटिंगच्या कारखान्यात कामाला आहे. नळांना, हँडलांना चकाकी आणायचं काम.

"वरच का पडलेले असतात?"

"सुट्टीच्या आदल्या दिवशी टाक्या उपसतात. निकेल, क्रोमचं पाणी नाल्यात सोडून देतात. दुसऱ्या दिवशी मासे लय सहज गावतात."

भाजी स्वस्त मिळाल्यासारखं सांगत होता! माझी नजर त्याच्या बोटांवर गेली. त्याच पाण्याने पडलेली भोकं होती त्यांना, महिनोन्महिने न भरणारी.

"त्या पाण्यात पाय घालायचा तर तू गुडघ्यापर्यंत बूट चढवतोस," मी ओरडले, "आणि त्यातले मासे बाळंतिणीला घालतोस? अक्कल गहाण टाकलीस का?"

"अगं, आतली घाण मी काढून टाकायचो. आणि उकळल्यावर सगळं मरतं की."

"जंतू मरतात! निकेल काय मरतंय, डोंबल?"

मग मी सुटलेच. त्याला, त्याच्या मालकाला, नदीला मोरी समजणाऱ्या सगळ्यांना शिव्या घातल्या. मालक मेला घरी फिल्टरचं पाणी पीत असेल. हे मासे टाकायचे कुठे, तेही कळेना. मागच्या दाराशी मांजर आशेने बसली होती, पण तिलाही अंगावर पिणारी पिल्लं. मी तिला हाकललं.

मागे वळले, तर लेक दारात उभी. तिने सगळं ऐकलं होतं. बाळ भुकेनं रडत होतं, तिच्या गाऊनवर तोंड घासत होतं. तिचा हात बटणावर थांबलेला.

"आई, महिनाभर खाल्लंय गं मी ते. आता ह्याला पाजू का नको?"

भावाने बशी खाली ठेवली. माझ्या हातात तो फाडलेला मासा तसाच होता. बाळ रडतच होतं, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती.