कापसातून आलेलं पाचारण

माझा नवरा चर्चमध्ये साक्ष द्यायला उभा राहिला की मी मान खाली घालते. लोकांना वाटतं, पाळकीणबाई किती नम्र आहेत. नम्र कसली, मी दात आवळून बसलेली असते. तो सांगतो की देवाने त्याला त्याची बायको कापसातून दिली. मग मंडळी पुढे सरकून बसते, बायका पदराने डोळे टिपतात. सुरुवातीच्या वर्षांत त्याच्या साक्षीत त्या कापसातून ओंजळभर पाणी निघत असे. हल्ली पातेलं भरतं.

खरं काय झालं ते मला पक्कं आठवतं, कारण ते माझ्याच आयुष्याचं होतं.

आमचं गाव पांढरकवड्यापासून फार लांब नाही. गावात ख्रिस्ती घरं मोजकीच. बाबांची कापसाची शेती होती आणि ते मंडळीचे पंच होते. मी बारावी झाले आणि नागपूरला नर्सिंगला माझा नंबर लागला. दिवाळीनंतर जायचं ठरलं. आईने माझ्यासाठी हॉस्टेलवर न्यायला नवी गादी शिवायला टाकली होती. मी आरशासमोर उभी राहून केस वर बांधून बघायचे, टोपी कशी दिसेल म्हणून. मला दुसरं काही नको होतं.

तेवढ्यात आमच्या चर्चचे तेव्हाचे पाळक घरी आले. त्यांचा भाचा झरी जामणीकडच्या एका जंगलातल्या गावात सेवेला जायचा होता आणि त्याला एकट्याला न पाठवता लग्न करून पाठवायचं होतं. प्रार्थनेत बसले असताना त्यांच्या डोळ्यांसमोर माझाच चेहरा आला, असं ते म्हणाले. आता पाळकांच्या डोळ्यांसमोर आलेला चेहरा परत कसा पाठवायचा. उपास-प्रार्थना ठेवली. आमच्याकडे ही रीतच आहे: मोठा निर्णय असला की दोन-चार घरं जमतात, उपाशी पोटी गुडघे टेकतात आणि नंतर ज्याला जे मिळालं ते तो सांगतो. पाळकांना शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, वचन मिळालं. त्यांच्या बायकोला स्वप्न पडलं होतं. शेजारच्या मावशीला प्रार्थनेत डोंगर दिसला, आणि झरीकडे डोंगर आहेतच. मी सगळ्यांत जास्त वेळ गुडघ्यांवर होते. मला काहीच ऐकू आलं नाही. गुडघे दुखले तेवढे आठवतात.

"तुले काय मिळालं, पोरी?" पाळकांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले.

"मंग अजून मन मोकळं नाही तुहं," ते म्हणाले. म्हणजे देव बोलला नाही, त्यातही दोष माझाच.

मी रडायला लागले तेव्हा आईला माझी दया आली. तिने आपल्या परीने वाट काढली. शास्त्रात एका घाबरट माणसाची गोष्ट आहे. त्याला देवाचं म्हणणं पटत नव्हतं, म्हणून त्याने अंगणात लोकर ठेवून खूण मागितली: सकाळी लोकर ओली आणि जमीन कोरडी असली तर मानेन. आमच्या घरात लोकर कुठून येणार? कापूस मात्र खोलीभर होता. आई म्हणाली, "देवाले काय, लोकर अन् कापूस सारखाच." दिवे लागायच्या वेळी तिने ढिगातून कापूस काढला. वरचा धुळीचा होता, देवापुढे ठेवायचा तर स्वच्छ हवा, म्हणून कोपरापर्यंत हात खुपसून तिने आतला काढला आणि सुपात घालून अंगणात ठेवला. ओला निघाला तर झरी, कोरडा निघाला तर नागपूर.

सकाळी पाळक, त्यांची बायको, मावशी, सगळे सुपाभोवती उभे. आईने कापूस मुठीत दाबला आणि तळहात उघडून दाखवला. तळहात ओला होता. सारवलेली जमीन खडखडीत कोरडी. पाळकांनी तिथेच स्तुतिगीत सुरू केलं. आई माझ्या गळ्यात पडून रडली, ते रडणं आनंदाचं होतं असं ती आजही म्हणते. बाबा तेवढे बोलले नाहीत. त्यांनी कापसाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बैल सोडायला निघून गेले. मला वाटलं, लेक जाणार म्हणून त्यांना भरून आलं असेल. मी त्यांच्यावर त्या दिवशी फार माया केली.

माझ्या गादीवर नंतर धाकटा भाऊ झोपायचा. मी लग्न होऊन झरीकडे आले.

नवरा वाईट आहे असं मी म्हणणार नाही. दारू नाही, हात उचलणं नाही, पहाटे उठून पाणी भरून ठेवतो. मी लेकरांना गाणी शिकवली, बायकांची प्रार्थना घेतली, तिथल्या लोकांची कोलामी बोलायला शिकले. मन लागत नसे तेव्हा स्वतःला दटावायचे की देवाने कापूस ओला करून तुला इथे पाठवलंय, कुरकुरतेस काय. त्या एका सकाळीवर मी वर्षानुवर्षं उभी होते.

मग एका पोळ्याच्या सुमारास आमच्या आळीतली एक बाई घरीच बाळंत झाली आणि रक्त थांबेना. गावात शिकलेली बाई मीच, म्हणून मला बोलावलं. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला होता, ती वाटेत होती. मी तिच्या उशाशी बसले, तिचा हात धरला आणि मोठ्याने प्रार्थना करत राहिले. खाली गोधडी भिजत होती. ती माझ्याकडे बघत होती, जशी काही मी आता काहीतरी करणारच आहे. गाडीतही मी प्रार्थनाच करत होते. दवाखान्यात पोचलो आणि थोड्याच वेळात ती गेली. तिथल्या नर्सने मला विचारलं, "रक्त थांबावं म्हणून पोट चोळलं होतं काय?" मी म्हणाले, प्रार्थना केली. तिने माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या कामाला लागली. गावात मात्र माझं कौतुक झालं. पाळकीणबाईंनी शेवटपर्यंत हात सोडला नाही, असं सगळे सांगत होते. माझ्या अंगाची त्या कौतुकाने आग आग झाली.

गेल्या हिवाळ्यात बाबा आजारी पडले म्हणून मी माहेरी गेले. ते खाटेवर, मी शेजारी संत्रं सोलत बसलेली. बोलता बोलता गोष्ट कापसावर आली. बाबा छताकडे बघत म्हणाले, "त्या वर्षी मी ढिगाले पाणी मारलतं."

मला आधी कळलं नाही. कापसाला पाणी मारणं आमच्याकडे नवं नाही. व्यापारी गावात गाडी घेऊन येणार असला की काही लोक आदल्या दिवशी ढिगात थर देऊन पाणी शिंपडतात, वजन वाढावं म्हणून. वरचा थर कोरडा ठेवतात, म्हणजे हात लावणाऱ्याला समजत नाही. पण बाबा तर मंडळीत उभे राहून खोट्या मापांविरुद्ध बोलणारे.

"तुह्या मायनं आतला काढला," ते म्हणाले. "तो ओलाच होता. ठेवला तवाच."

"तुम्हाले त्या सकाळीच माहीत होतं?"

"होतं."

"मंग बोलले काहून नाही?"

"पाळक उभे होते ना तिथं. काय सांगू त्याईले? पंच हाय मी, अन् कापसाले पाणी मारतो?" मग माझा हात चाचपत म्हणाले, "मले माफ केलं म्हन, पोरी. प्रार्थना कर माह्यासाठी."

प्रार्थना मला येते, तेच तर एक काम मला येतं. मी त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि त्यांच्या झोपेसाठी, दम्यासाठी, भावाच्या तुरीसाठी मागितलं. माफीचा शब्द काही तोंडातून निघाला नाही. त्यांनी डोळे मिटून आमेन म्हटलं आणि पुन्हा डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिले. मी संत्र्याच्या साली गोळा करून उठले.

आईला चुलीपाशी गाठलं. हाताला ओल लागली नव्हती का, असं विचारलं. "थंडीचा कापूस गारच लागते," ती म्हणाली. तिला धक्काबिक्का काही बसला नाही. पोळी उलटत म्हणाली, "असू दे की. देवाले कोन्त्याही पाण्यानं बोलता येते." अशा माणसांपुढे देव कधी चुकतच नाही, आणि त्यांची चूकही मग देवाचीच होऊन जाते. मला तिचा इतका राग आला की मी न जेवता एसटी पकडली.

घरी आले ती नवऱ्याला सगळं सांगूनच बसले. तो व्हरांड्यात रविवारच्या उपदेशाची तयारी करत होता. त्याने चष्मा काढला.

"म्हंजे तू आली नसती," तो म्हणाला.

"नसती आली."

त्याचा चेहरा पडला. मला वाईट वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. मग पाळकाला सुचायचं तेच त्याला सुचलं. "पण मंग त्या बाईजवळ कोन बसलं असतं? तू होती म्हनून ती एकटी गेली नाही. त्याच्यासाठीच देवानं तुले इथं आणलं असन."

"मंग रिकाम्या हातानं काहून आणलं?" मी म्हणाले. "मी तिच्यापाशी होती अन् मले काहीच येत नव्हतं. देवाले मी इथंच पाहिजे होती, त नागपुरात शिकवून पाठवाचं होतं. तीन वर्षं थांबता येत नव्हतं काय त्याले?"

माझा नवरा कोणत्याही प्रश्नाला वचन काढतो. तेव्हाही त्याचा हात शास्त्राच्या पानांवर गेला, पण पान काही उलटलं नाही.

"त्याले थांबता येत होतं," तो हळू म्हणाला. "आपल्याले नाही आलं."

इतक्या वर्षांत त्याचं हे पहिलंच वाक्य, ज्यावर मला मनापासून आमेन म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही.