हिरवा ठिपका

आमच्या पोरीला अख्खी वस्ती टकळी म्हणते. वय सतरा, इस्त्रीचे कपडे घरोघर पोचवायचं काम, आणि तोंडाला लगाम म्हणून नाही. मागच्या महिन्यात कोपऱ्यावरच्या चौकीतल्या शिपायांनी तिला गठ्ठ्यासकट दोन तास बसवून ठेवलं. म्हणे, असले भारी शर्ट तुमच्या वस्तीत कुणाचे? कुठून उचललेस? इस्त्रीवाला आला तेव्हा सुटली.

त्यातच एका संस्थेच्या दोन ताई वस्तीत आल्या. कुठे भीती वाटते ते पोरांनीच सांगायचं, नकाशावर ठिपके चिकटवायचे, नाव कुणाचंच येणार नाही. पण शहाण्यांनी प्रत्येक गल्लीला वेगळा रंग दिला! आमच्या गल्लीचा हिरवा, आणि गल्लीतून ठिपका लावायला गेलेली एकटी आमची बया. ठिपका कुठे लावला? बरोब्बर चौकीवर.

"अगं, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?" मी म्हटलं.

"आई, त्यांनी विचारलं, मी सांगितलं. खोटं लावू का?"

रविवारी सकाळी वस्तीच्या सभागृहात तो नकाशा दाखवायची सभा, नि चौकीचे साहेब स्वतः येणार. ते सभागृह झाडायचं काम माझंच, किल्ली माझ्याकडे. तासभर आधी गेले. नकाशा भिंतीवर लावलेलाच होता. नखाने खरवडून ठिपका काढला आणि केराबरोबर टाकून दिला. देवा, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

सभा भरली. मी झाडू घेऊन दारातच थांबले. साहेबांनी नकाशा नीट निरखला नि हसून म्हणाले, "चौकीजवळ एकही ठिपका नाही. म्हणजे आमच्या माणसांची भीती कुणालाच नाही. तसंच लिहून घ्या."

एक ताई गोंधळून कागद चाळायला लागली, दुसरीने लिहायला पेन उघडलं. आणि टकळी उठली. मी डोळे वटारले, मान हलवली, पण ती माझ्याकडे बघेल तर शपथ.

"साहेब, तिथे ठिपका होता. मीच लावला होता. तुमच्या माणसांनी मला दोन तास बसवून ठेवलं होतं, काही कारण नसताना."

साहेबांचं हसू मावळलं. "राहतेस कुठे तू? कुणाची मुलगी?"

नाव लपवायला गेले नि पोरीला भर सभेत उभं केलं मीच. कसली आई मी! झाडू भिंतीला टेकवला नि खुर्च्यांमधून वाट काढत पुढे गेले.

"माझी," मी म्हटलं. "ठिपका मी काढला, साहेब. तुमच्याच भीतीने काढला. आता हेही लिहून घ्या."