मोठ्या बाईंचं शुद्धलेखन

लालबागच्या त्या शाळेत दोन वर्गांना मिळून एकच हॉल होता. अलीकडे माझी तिसरी, पलीकडे चौथी. मध्ये भिंत नाही की पडदा नाही. चौथीच्या बाईंना मुलं मोठ्या बाई म्हणत आणि मला धाकट्या. मी गिरगावातून ट्रामने यायची. माझा आवाज खणखणीत, आणि खुमखुमीही तेवढीच. इकडे मी पाढे सुरू केले की तिकडे त्यांची कविता सुरू. एकदा त्या कमरेवर हात ठेवून उभ्याच राहिल्या. "गो बाय, जरा हळू! माझी पोरां बहिरी होतली."

मग आम्ही दोघींनी ठरवलं, एक वर्ग मोठ्याने म्हणत असेल तेव्हा दुसऱ्याने लिहायचं. झकास जमलं. मुख्याध्यापकसुद्धा बरं म्हणून गेले, आणि ते गृहस्थ सहजासहजी बरं म्हणणाऱ्यातले नव्हते.

पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला. मोठ्या बाईंचा एकुलता एक मुलगा, त्यांचा झील, त्यात गेला. त्याला चाळीतून नेलं तेव्हा मी तिथेच होते. बाईंनी ना हंबरडा फोडला, ना कुणाच्या गळ्यात पडल्या. "रडवा हो तिला कुणीतरी," बायका म्हणत होत्या.

तेरावं झालं आणि त्या शाळेत आल्या. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. त्यांचे ओठ हलले, पण आवाज नाही. कुजबुजसुद्धा नाही.

मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेतलं. "बाईंना वाचाच नसेल तर वर्ग त्यांच्याकडे कसा ठेवू? सोमवारी येऊन बघतो. नाहीतर घरी बसवावं लागेल."

घरी? त्या रिकाम्या खोलीत? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, दोन्ही वर्गांना मी ओरडून शिकवीन, पण बाई इथेच राहतील.

त्याच दुपारी मी तिसरीला गणितं घातली होती. हॉल शांत होता. सहज पलीकडे बघितलं, तर बाई खिडकीपाशी उभ्या, ओठ हलताहेत, आणि अख्खी चौथी खाली मान घालून लिहितेय. थोड्या वेळाने सगळ्या माना एकदम वर झाल्या. मुलांनी टक लावून बाईंकडे बघितलं. परत माना खाली, परत पेन्सिलींची करकर. मी तीनतीनदा कान टवकारले. अगं बाई, यांना सांगतंय तरी कोण?

उठून पाट्या बघितल्या. पहिल्या पाटीवर "नदीला पूर आला." दुसरीवर तेच. शेवटच्या रांगेतही तेच, एका वेलांटीचा फरक नाही. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मुलांना विचारायचीसुद्धा हिंमत होईना. भरदिवसा, बाहेर रस्त्यावर भाजीवाला ओरडत असताना, मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते. त्यानंतर पलीकडे बघणंच मी टाळलं.

सोमवारी मुख्याध्यापक आले. मला म्हणाले, "तुम्ही तोंडातून अक्षर काढायचं नाही." बाईंना म्हणाले, "घाला शुद्धलेखन." मी पदर मुठीत घट्ट धरून बसले. बाईंचे ओठ हलले, माना वर झाल्या, खाली झाल्या. मग सगळ्या पाट्या मुख्याध्यापकांसमोर उभ्या राहिल्या, एकीसारखी एक. साहेबांनी रुमालाने मान पुसली. पुढच्या रांगेतल्या मुलीला त्यांनी जरा दबक्या आवाजातच विचारलं, "कुणी सांगितलं हे?"

"मोठ्या बाईंनी."

"ऐकू कुठे आलं तुला?"

"ऐकायचं कशाला सर? दिसतं की!" ती म्हणाली. "माझे बाबा, आमच्या सगळ्यांचेच बाबा, गिरणीत साच्यावर कापड विणतात. तिथे खात्यात साच्यांचा एवढा खडखडाट असतो, सगळे असंच ओठ बघून बोलतात. आमच्या घरीपण बोलतात."

साहेबांनी रुमाल खिशात ठेवला. "वर्ग बाईंकडेच राहू दे," म्हणाले आणि निघून गेले.

मला हसू फुटलं आणि रडूही. काय वेडी मी, भुताटकी समजून घाबरत होते! जाऊन बाईंना मिठीच मारली. त्या माझ्याकडे बघून काहीतरी सांगू लागल्या. मला मेलीला कुठलं कळतंय? मी त्या मुलीला म्हटलं, "सांग ना गं, काय म्हणतायत?"

मुलगी त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. मग तिने जसंच्या तसं, त्यांच्याच मालवणीत सांगितलं, "भिया नको गो. आवाज गेलो नाय माझो. राखून ठेवलंय. माझो झील घराक इलो की हाक मारूक होयो."

बरोबर, अशी मान बाईंनी डोलावली आणि त्या फळा पुसायला वळल्या.