समासातली नावं

फोन रशीदभाईचा होता. अकोल्यात बाळापूर रोडवर माझ्या धाकट्या भावाचं, मनोहरचं, फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान, आणि त्याला लागून रशीदभाईचं सायकलचं. मी इकडे अमरावतीत रविवारच्या उपदेशाची टिपणं काढत बसलो होतो. "पास्टरसाब, मनोहरभाऊ गेला... पंप खोलून बसला व्हता, तसाच कलंडला. डॉक्टर येईपर्यंत काई रायलंच नाई." मी पाळक आहे. अशा वेळी काय बोलावं हे लोकांना सांगण्यात माझी हयात गेली. त्या सकाळी मला एवढंच सुचलं की तेव्हा दुकानात कोण होतं ते विचारावं. "धा-बारा लोक बसले व्हते नं," रशीदभाई म्हणाला. आणि सख्खा भाऊ गेल्याच्या पहिल्या मिनिटाला माझ्या मनात आलं ते हे, की माझ्याकडे रविवार सोडून इतके लोक कधी बसत नाहीत. त्याला आता दीड महिना झाला. मनोहरबद्दल चांगलं चांगलं लिहायचं ठरवलं होतं, पण हे आधी सांगितलं नाही तर पुढचं सगळं खोटं होईल.

मी पाळकाचं शिक्षण घ्यायला सेमिनरीत गेलो, तो दहावीनंतर पंपांच्या मागे लागला. माझ्याकडे ग्रंथांची तीन कपाटं. त्याच्याकडे एकच पवित्र शास्त्र, ऑइलच्या बोटांनी काळं झालेलं, आणि त्यात खुपसलेली एक पेन्सिल. गावोगावचे शेतकरी पंप घेऊन यायचे. दुरुस्ती होईपर्यंत थांबावं लागे, मग कोणी काही विचारी. मनोहर हात पुसून पान उघडी, सगळे मिळून तो भाग वाचत, आणि ज्यानं विचारलं त्याचं नाव तो त्या वचनाशेजारी समासात लिहून ठेवी. उत्तर नाही, फक्त नाव. "हजेरी घेतो का रे?" असं मी एकदा त्याला चिडवलं. तो म्हणाला, "ध्यानात राह्यते दादा, कोणाले काय बोचून राह्यलं ते."

माय शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा मी रोज संध्याकाळी तिच्या उशाशी वाचत असे. चौथ्या-पाचव्या दिवशी तिनं हात वर केला. "तू राहू दे. मन्याले बलाव." मी विचारलं, काहून? तर म्हणाली, "तू वाचतं त उपदेश करतं. मन्या वाचते त मले आयकू येते." मी हसून उठलो. बाहेर ओट्यावर बसून त्याचं वाचन ऐकलं, आणि तो दोन ठिकाणी अडखळला याचं मला बरं वाटलं. माय आत मरत होती आणि मी तिच्या लेकाच्या चुका मोजत होतो.

पुढे मी अकोल्याच्या मंडळीचा पाळक झालो. आमच्याकडे हंगामाचा सण मोठा. कपाशीची पहिली वेचणी, पहिली ज्वारी, तुरीच्या ओल्या शेंगा वेदीपाशी आणून ठेवायच्या, आणि त्या रविवारी उपदेश ठरलेला, आदिपुरुषाच्या दोन मुलांचा. थोरला शेतकरी, धाकटा मेंढपाळ. दोघांनी अर्पण आणलं, धाकट्याचं देवाला आवडलं, थोरल्याचं नाही, कारण थोरल्याचं मन शुद्ध नव्हतं; पुढे त्यानं हेव्यापोटी धाकट्याला ठार मारलं. माझ्या आधीचे पाळक हेच सांगत आणि मीही तीच टिपणं दरवर्षी काढी. त्या वर्षी, लागोपाठ दुसऱ्यांदा, कपाशी उभ्या शेतात जळाली होती. वेदीपाशी चार टोपल्यासुद्धा नव्हत्या. आणि मी समोर बसलेल्या शेतकऱ्यांना ठणकावून सांगितलं की मन शुद्ध नसलं तर देव अर्पणाकडे पाहत नाही. टिपणात होतं ते वाचलं. समोरचे चेहरे मी पाहिलेच नाहीत.

शांताबाई, पातूरकडच्या एका खेड्यातून दर रविवारी येणारी विधवा बाई, उपासना संपायच्या आधीच उठून गेली. सोमवारी ती पंप नसताना मनोहरच्या दुकानात जाऊन बसली. रशीदभाईनं हे मला नंतर सांगितलं. ती म्हणाली, "भाऊ, आमचं मन खराब व्हतं म्हून पीक गेलं का?" मनोहरनं तो अध्याय तीनदा वाचला. मग म्हणाला, "बाई, त्याचं अर्पण काहून नाई पाह्यलं ते इथं लिवलंच नाई. जे लिवलं नाई ते मी कसं सांगू? पन येक पाहा. देव लहान्यासंग बोलला असं कुठंच नाई. बोलला तो थोरल्यासंग. कास्तकारासंग." पुढच्या रविवारी शांताबाई आली ती हे अख्ख्या मंडळीला ऐकवतच आली. लोक रडले. माझ्या उपदेशाला आजवर कोणी रडलं नव्हतं.

मी तडक दुकान गाठलं. म्हटलं, शास्त्रातच पुढे प्रेषितांच्या पत्रांत कारण दिलंय, धाकट्यानं विश्वासानं अर्पण केलं म्हणून ते आवडलं. शतकानुशतकं मोठमोठ्या माणसांनी यावर विचार केलाय. जो तो आपल्या दुकानात बसून अर्थ लावायला लागला तर मंडळी राहील कुठे? मैदानात तंबू ठोकून सभा घेणारा तो उपदेशक एक वचन धरून लोकांची औषधं बंद करतो, ते तुला चालतं का? मनोहर ऐकत होता. "ते तुझं खरं हाये दादा," तो म्हणाला. "येकट्यानं वाचलं त मानूस भरकटते. म्हून त मी येकटा वाचत नाई. अन् पत्रातलंबी वाचलं मी. पन शांताबाईचा विश्वास कमी व्हता, असं त्यात कुठं हाये?" उत्तर न सुचलेला पाळक फार वाईट वागतो. मंडळीच्या पुढच्या पंच कमिटीत मी ठराव मांडला की पाळकाची दीक्षा न झालेल्यानं शास्त्राचा अर्थ सांगू नये, आणि दर दुसऱ्या रविवारी मनोहर शास्त्रपाठ वाचायचा, तेही बंद केलं. परंपरा राखली असं सगळ्यांना सांगितलं. मनात माहीत होतं, मी परंपरेच्या आड उभा राहून भावाला दगड मारला होता.

तो भांडला असता तर बरं झालं असतं. तो दर रविवारी येऊन शेवटच्या बाकावर बसू लागला, आणि माझा उपदेश पटल्यासारखी मान हलवत ऐकू लागला. त्याची ती मान मला आठवडाभर छळायची.

माझी अमरावतीला बदली झाली त्याला चार वर्षं झाली. मरण्याआधी महिनाभर तो एकदा आला होता, काहीतरी सुटा भाग घ्यायला. चहा पिताना सहज म्हणाला, "दादा, येवढ्या वर्सांत तू मले कधी काईच इचारलं नाई." मी म्हटलं, "तुला काय विचारायचं? शिकवणारा मी." तो हसला, बशीतला उरलेला चहा प्यायला आणि बस गाठायला निघून गेला. ती शेवटची भेट.

मातीनंतर रशीदभाईनं ते काळं पडलेलं पुस्तक माझ्या हातात दिलं. मी ते अमरावतीला आणलं आणि किती दुपारी एकेक पान चाळलं. शेकड्यांनी नावं. पाटील, मजूर, बसचा कंडक्टर, खुद्द रशीदभाई. मायचंसुद्धा नाव होतं, तीन ठिकाणी. तिनं मला कधी काही विचारलं नव्हतं. मी माझं नाव शोधत होतो. नव्हतं. कुठून असणार... मी कधी विचारलंच नव्हतं.

त्या दोन भावांच्या अध्यायाशेजारी 'शांताबाई' असं लिहिलेलं आहे. तिथंच खाली, देव थोरल्याला विचारतो की तुझा चेहरा का उतरलाय. हा भाग मी किती हंगामांत वाचून दाखवला, पण थोरला भाऊ मीही आहे हे मला कधी दिसलं नाही. मनोहरची पेन्सिल अजून त्याच पुस्तकात होती. तिनं मी त्या ओळीशेजारी लिहिलं, 'दादा'. त्यानं तेच लिहिलं असतं. मग कितीतरी वेळ वरच्या त्या नावाकडे पाहत बसलो, आणि मला शांताबाईचा हेवा वाटला. तिनं विचारलं तेव्हा तो समोर बसलेला होता.